आप्पांच्या फियाटचा गंज

गंजाला कोणी सुंदर म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. ऐकलं ते घरापुढच्या आमच्याच खळ्यात, आमच्याच ऋत्विकच्या तोंडून, आणि तेही आप्पा पडवीत बसलेले असताना.

"ताई, हे बघ ना," तो म्हणाला. आप्पांच्या फियाटच्या बॉनेटवरून तो हात फिरवत होता. इतक्या मायेने त्याने कधी घरातल्या मांजराला हात लावला नसेल. "हा रंग कुठल्या डब्यात मिळेल का तुला? निसर्गाने केलाय हा."

"खाऱ्या वाऱ्याने केलाय," मी म्हटलं. "आणि डब्यात मिळत नाही, कारण विकत कोण घेणार?"

"याला पॅटिना म्हणतात, ताई," त्याचा मित्र अजिंक्य मला समजावून सांगायला लागला.

"आमच्याकडे याला हयगय म्हणतात."

तो हसला, आणि मोबाईल उचलून त्याने माझाच व्हिडिओ काढला. 'एकदम ऑथेंटिक' असं काहीतरी ऋत्विकला हळूच म्हणालासुद्धा. पाहुणा होता म्हणून वाचला.

ऋत्विक माझा धाकटा भाऊ. पुण्याला कंप्युटरच्या कंपनीत असतो आणि गेली दोन वर्षं त्याला जुन्या गाड्यांचं वेड लागलंय. हा अजिंक्य जुन्या गाड्यांचे व्हिडिओ करून लोकांना दाखवतो, त्यावरच त्याचं पोट आहे. दिवाळी झाल्यावर चार दिवसांनी दोघं पावसला, आमच्या गावी, येऊन थडकले. त्यांचा बेत पक्का होता. गाडी गंजलेली आहे तशीच ठेवायची, वरून पारदर्शक लॅकर मारायचं, इंजिन चालू करायचं आणि डिसेंबरात पुण्याच्या कुठल्याशा प्रदर्शनात नेऊन उभी करायची. आप्पांना विचारलंस का, असं मी विचारलं तर ऋत्विक म्हणाला, "त्यांना सरप्राइज."

आमच्या घरात गंज म्हणजे काय, हे त्या अजिंक्यला ठाऊक नसेल तर मी समजू शकते. ऋत्विकला ठाऊक नसावं याचा मला संताप आला.

आप्पा, आमचे वडील, एकोणतीस वर्षं मालवाहू जहाजांवर होते. खलाशी म्हणून चढले आणि सारंग होऊन उतरले. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. लोकांना वाटतं जहाज म्हणजे वादळं आणि परदेशातली बंदरं. आप्पा सांगायचे, वादळ वर्षातून दोनदा, गंज रोज. डेकवरच्या माणसाचा निम्मा जन्म गंज काढण्यात जातो. हातोडीने पापुद्रे उडवायचे, तारेच्या ब्रशने घासायचं, गोड्या पाण्याने खार धुवून काढायचा, मग लाल प्रायमर, मग रंग. नाळेकडून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडून, सुरुवात करून मागच्या टोकाला पोचेपर्यंत नाळेला पुन्हा गंज धरलेला असायचा. जहाज बंदरात शिरताना त्याच्या अंगावर तांबडे ओघळ दिसले की शेजारच्या जहाजावरचे लोक एकमेकांना विचारायचे, ह्यांचा सारंग कोण? एवढं विचारणं म्हणजे थोबाडीत मारल्यासारखं असायचं, आप्पाच सांगायचे.

ही फियाट त्यांनी जुनीच घेतली होती, मी शाळेत जायला लागायच्याही आधी. सुट्टीवर आले की पहिले दोन दिवस झोपायचे, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी हातोडी घेऊन गाडीपाशी उकिडवे बसायचे. हातोडी जहाजावरची. जहाजाचा पत्रा केवढा जाड, मोटारीचा केवढा. गाडीला जागोजागी खळगे पडले. रंगही मोटारीचा नाही, जहाजाचाच, आणि तो ब्रशने. वरचं अंग पांढरं आणि दाराच्या खालच्या कडेपासून चाकांपर्यंत लाल, जहाजाचा पाण्याखालचा भाग असतो तसं. पावसच्या बाजारात गाडी उभी राहिली की कोणीतरी हमखास विचारायचं, "काय सारंग, आज भरती किती वाजता?" आम्हा पोरांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आप्पा मात्र गंभीर चेहऱ्याने खरी भरतीची वेळ सांगायचे. निवृत्त झाल्यावर तर पाऊस सरला की दरवर्षी, एकही वर्ष न चुकता, रंग.

साडेपाच वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागले, जीभ जड झाली. एक वाक्य बोलायला मिनिट लागतं. डॉक्टर म्हणाले होते, यांच्या मनाला त्रास होईल असं काही पुढ्यात काढू नका. म्हणून आईने आणि मी ठरवलं, गाडीचं नाव काढायचं नाही. खळ्याच्या कडेला माडाखाली ती उभी होती, तिच्यावर निळी ताडपत्री टाकली. त्या वर्षी रंग राहिला. पुढच्या वर्षीही राहिला. मग राहिला असंही कोणी म्हणेनासं झालं. ताडपत्रीच्या आत दमट हवा कोंडून राहायची, ती आणखी वाईट. ऋत्विकने परवा ताडपत्री ओढली तेव्हा मलाच धक्का बसला. पांढऱ्यावर सगळीकडे तांबडे डाग, दारांच्या कडा खाल्लेल्या, बॉनेटवर रंगाचे पापुद्रे वर आलेले.

आणि हे दोघे म्हणे, "वा!"

दुसऱ्या दिवशी तर त्यांनी हद्द केली. अजिंक्यने आप्पांच्या सदऱ्याला एक बारकासा माइक लावला. पडवीतून मागे गाडी दिसेल अशी त्यांची खुर्ची सरकवली आणि गोड आवाजात विचारलं, "आप्पा, गाडीवर हे जे सगळं आलंय ना, हे यायला किती वर्षं लागली? थोडं सांगता का आम्हाला?"

आप्पांनी त्याच्याकडे बघितलं. मग मान वळवून गाडीकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. मान खाली गेली.

"असू दे, असू दे," अजिंक्य म्हणाला. "हा शॉटच खूप बोलतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जाऊन तो माइक काढला आणि त्याच्या हातात दिला. ऋत्विक माझ्यावरच उखडला, पाहुण्यांशी कसं वागतेस म्हणून. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात गंजाला थारा दिला नाही, त्याला गंजासमोर बसवून तुम्ही विचारता, हे कसं जमवलंत? आणि वर मलाच माणुसकी शिकवता?

त्या संध्याकाळी आप्पा आईला म्हणाले, "खुर्ची आत घे."

गेली पाच वर्षं सकाळी सहापासून दिवेलागणीपर्यंत ज्यांची जागा पडवीत, ते दुसऱ्या दिवशी माजघरात भिंतीकडे तोंड करून बसले. चहाही तिथेच घेतला. ऋत्विक मला विचारतो, "आप्पांना बरं वाटत नाहीये का गं?"

"बरं आहे त्यांना. लाज वाटतेय."

"कसली?"



दुपारी जेवताना आमचं जुंपलं. आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं, ऋत्विकला आवडतं म्हणून. मी त्याला म्हटलं, लॅकर-बिकर काही लागणार नाही, गाडी खरवडायची आणि रंगवायची. तो जेवण टाकून उठला आणि हात न धुता मला गाडीपाशी घेऊन गेला.

"तू कधी नीट बघितलंयस का हे?" त्याने बॉनेटवरचा एक पापुद्रा बोटाने वर उचलला. "हा पांढरा. त्याच्याखाली परत पांढरा. त्याखाली हा राखाडी, आणि हा हिरवा दिसतो का? हा हिरवा मला आठवतो. मी दुसरीत होतो. आप्पांनी त्या वर्षी कुठून तरी हिरवा आणला होता आणि तू रडली होतीस. एकेक थर म्हणजे आप्पांची एकेक सुट्टी आहे, ताई. गंज चढला म्हणून हे उघडं तरी पडलं. तू खरवडलंस की सगळं जाणार. मी आप्पांचंच जपतोय."

खरं सांगते, हिरव्यापायी मी रडले होते, ते मला आठवत होतं. कॉलेजात नुकतीच जायला लागले होते, मैत्रिणी बघतील याची भीती. आणि त्याचे डोळे भरले होते, ते काही सोंग नव्हतं.

पण मग मला दुप्पट राग आला. "थर आप्पांचे आहेत, ऋत्विक. गंज त्यांचा नाही. तू दोन्हीवर एकच लॅकर मारणार आणि पुण्यात लोकांना सांगणार, ही आमच्या वडिलांची गाडी. आमच्या वडिलांनी गाडी अशी कधी ठेवली नव्हती. हा गंज ते आजारी पडल्यावरचा आहे. तो आपला आहे."

"मग तू का नाही काही केलंस? तू तर इथेच असतेस."

"मी आई-आप्पांचं करत होते. औषधं, मालिश, दवाखान्याच्या फेऱ्या. वर माझी सहकारी सोसायटीतली नोकरी. तू कुठे होतास?"

 मला वाटलं, चांगलं उत्तर दिलं. आई पडवीतून म्हणाली, तुमच्यापेक्षा ती गाडी भंगारात घातली तर घरात शांतता तरी नांदेल.

अजिंक्यचं ठरलं होतं, रविवारी सकाळी दव सुकलं की लॅकर मारायचं. शनिवारी अर्धा दिवस काम करून मी स्कूटर काढली, रत्नागिरीला गेले आणि लाल प्रायमर, दोन ब्रश आणि तारेचा ब्रश घेऊन आले. मांगरातल्या अडगळीतून आप्पांची हातोडी शोधून काढली. कोणाला काही बोलले नाही. बोलून काय, परत मला थर दाखवले असते.

रविवारी उजाडल्या उजाडल्या मी खळ्यात गेले आणि बॉनेटवर पहिला घाव घातला. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तांबडा पापुद्रा उडून पायाशी पडला. मी दुसरा घातला, तिसरा घातला. चौथ्याला ऋत्विक तोंडात टूथपेस्टचा फेस घेऊन धावत आला आणि त्याने हातोडीचा दांडा पकडला.

"सोड, ताई."

"तू सोड."

शेहेचाळीस वर्षांची मी आणि अडतिसाचा तो, खळ्यात उभे राहून हातोडी ओढतोय. अजिंक्य हातात मोबाईल घेऊन दाराशी उभा होता. त्याला काढावासा वाटत असणार आणि काढायची लाजही वाटत असणार. आई कळवळून म्हणत होती, अरे, शेजारी बघतायत. आणि ते खरंच बघत होते.

तेवढ्यात काठी वाजली. आप्पा पडवीच्या पायऱ्यांवर उभे होते. त्या तीन पायऱ्या ते एकटे कधी उतरत नाहीत. आई धावली तर तिला त्यांनी डाव्या कोपराने बाजूला सारलं. एकेक पायरी, आधी काठी, मग डावा पाय, मग ओढत उजवा. आम्ही दोघं हातोडी धरून तसेच उभे राहिलो.

"आप्पा, तुम्हीच सांगा आता," ऋत्विक म्हणाला.

"सांगा ह्याला," मी म्हटलं.

 आप्पांनी गाडीभोवती एक फेरी मारली. सहज पाच-सात मिनिटं लागली त्या फेरीला. प्रत्येक दारापाशी थांबले, टायरांपाशी वाकायचा प्रयत्न केला. डिकीखालच्या कडेला काठीचं टोक लावून नुसतं दाबलं, तर तळहाताएवढा तुकडा गळून खाली पडला. तो त्यांनी काठीने उलटा करून बघितला. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"ह्या वर्षी तू मारशील रंग," ते म्हणाले. एकेक शब्द ओढून काढत होते. "रागाने. पुढल्या वर्षी कोण?"

 पुढच्या वर्षाचा मी विचारच केला नव्हता. मला ह्या वर्षी ऋत्विकला हरवायचं होतं.

ऋत्विकला वाटलं, आपली बाजू आली. "आप्पा, म्हणून तर लॅकर. एकदा मारलं की दहा वर्षं बघायला नको."

"बघायला नको," आप्पा म्हणाले. "बघायला नको, असं काय असतं रे?"

ऋत्विकने दांडा सोडला.

आई मध्ये पडली. "अहो, तुमचा हात हा असा. तुम्हाला त्रास होईल, म्हणून पोरांनी नाव काढलं नाही. डॉक्टरनीच सांगितलं होतं."

"सारंगाला हातोडी लागत नाय," आप्पा म्हणाले.  त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "माणसं लागतात. हात गेला माझा. डोळे होते. पडवीत बसून होतो. कोण आलं विचारायला, आप्पा, कुठून सुरू करू? ताडपत्री टाकलीत. नाव बंद केलंत. मी मेलो होतो काय?"

इतकं ते पाच वर्षांत एका दमात बोलले नव्हते.  सोसायटीत जाताना-येताना रोज दोनदा मी त्या ताडपत्रीजवळून गेले होते. औषधं दिली, मालिश केलं, दवाखाने केले, सगळं खरं. आणि त्यांना एक गोष्ट विचारली नव्हती. त्यांच्या मनाला त्रास होईल म्हणून, असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं म्हणजे विचारलं असतं तर करावं लागलं असतं, आणि मला कंटाळा होता. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा नुसती जमिनीकडे बघत उभी राहिले.

"खुर्ची आण," आप्पा मला म्हणाले. "हितं. सावलीत." मग अजिंक्यकडे काठी केली. "आणि तू. ते बंद कर. बादली आण. गोडं पाणी, विहिरीचं."

अजिंक्यने मोबाईल खिशात टाकला आणि निमूट विहिरीकडे गेला. आईने कपाटातून जुनं धोतर काढून पुसायला फाडून दिलं.

मग आम्ही लागलो. उजवी बाजू माझी, डावी ऋत्विकची. हातोडी एकच होती, त्यामुळे तो तारेचा ब्रश चालवायचा. आप्पा खुर्चीतून बघत होते, आणि त्यांच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. "तिरकी धर. सरळ नाय मारायची. पत्रा पातळ आहे." "तिथं राहिलंय. खाली. बघ." "पाणी ओतू नको, फडकं भिजव." दर वाक्याला वेळ लागायचा आणि आम्ही हात थांबवून वाक्य पुरं होईपर्यंत उभे राहायचो. एकदा ऋत्विक म्हणाला, "पत्रा पातळ आहे तर मग हे एवढे खळगे कोणी पाडले?" आप्पांचा डावा गाल जरा वर गेला. "कळायला वेळ लागला," ते म्हणाले.

हिरवा थर लागला तेव्हा ऋत्विक थांबला. "आप्पा, एवढासा तुकडा तरी ठेवू का?"

"रंग आहे तो," आप्पा म्हणाले. "घास."

त्याने घासला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. सकाळी मला वाटलं होतं की त्या हिरव्यावर हातोडी मारताना मला आनंद होईल. तसा काही झाला नाही.

दुपारी बारापर्यंत आमचं निम्मं बॉनेट आणि एकेक दार झालं. माझ्या तळव्यांना फोड आले होते. ऋत्विकच्या केसांपासून बुटांपर्यंत तांबडी धूळ. आईने ताक आणून दिलं. ऋत्विकने घड्याळात बघितलं, मग उरलेल्या गाडीकडे बघितलं. संध्याकाळी त्यांना निघायचं होतं.

"आप्पा, हे एकूण किती दिवसांचं काम आहे?"

"चार. दव पडायच्या आत प्रायमर. रोज."

"उद्या मला ऑफिस आहे हो."

आप्पांनी ताकाचा पेला खाली ठेवला. डाव्या हाताने ठेवतात, त्याला वेळ लागतो.

"साडेपाच वर्षं बसलो होतो मी," ते म्हणाले. "तुला चार दिवस जड झाले काय?"

बोलले ते ऋत्विकला, पण बघत होते माझ्याकडे. ऋत्विक फोन घेऊन मागच्या दारी गेला. रजेसाठी साहेबाशी बोलत असलेला त्याचा आवाज ऐकू येत होता. मी हातोडी उचलली आणि मागचं दार घेतलं. वर बघायची माझी हिंमत झाली नाही.